धुनेला नाव असतं

नॉर्वेच्या डोंगराळ खेड्यांत फॉसेग्रिम नावाच्या जलपुरुषाची गोष्ट सांगतात. तो धबधब्याच्या आड राहतो आणि त्याच्यासारखं फिडल दुसऱ्या कुणालाच वाजवता येत नाही. त्याची विद्या हवी असेल तर गुरुवारी संध्याकाळी, कुणालाही न सांगता, उत्तरेकडे वाहणाऱ्या धबधब्यापाशी जायचं आणि तोंड फिरवून पांढऱ्या बोकडाचा नैवेद्य पाण्यात सोडायचा. बोकड धष्टपुष्ट असलं तर फॉसेग्रिम शिकणाऱ्याचा उजवा हात धरतो आणि बोटांच्या टोकांतून रक्त येईपर्यंत तो तारांवरून फिरवत राहतो. त्यानंतर तो माणूस असा वाजवू लागतो की झाडं नाचतात आणि कोसळतं पाणी जागच्या जागी थांबतं. बोकड हडकुळं निघालं, तर फक्त फिडल सुरात लावण्यापुरती विद्या पदरात पडते. वाजवणं येत नाही.

ही गोष्ट रचणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: धून कुणीतरी देतं, आणि देणाऱ्याचं देणं फेडावं लागतं. नैवेद्यात काटकसर केली तर विद्याही तेवढीच मिळते. नॉर्वेच्या लोकधुनांवर आणि लोककथांवर उभं राहिलेलं वाद्यवृंदाचं संगीत मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे, त्यावर मनापासून प्रेम करतो. तरीही मला वाटतं की या संगीताने आपलं देणं अजून पुरतं फेडलेलं नाही. आणि त्या देण्याचा पहिला हप्ता पैशांचाही नाही. तो नावाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मैफलीला गेलो होतो. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे ‘नॉर्वेजियन नृत्य’ वाजणार होते. ओपस ३५ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनेचा क्रमांक), चार तुकडे, त्यातला दुसरा तर पाश्चात्त्य संगीत न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून कधीतरी गेलेला असतो. हातात छापील पत्रिका पडली. तिच्यावर ग्रीगचं नाव होतं. मूळ रचना १८८१ साली एका पियानोवर चार हातांनी वाजवण्यासाठी केलेली, म्हणून ती वाद्यवृंदासाठी बसवणाऱ्या हान्स सिटचं नाव होतं. संचालकाचं होतं, शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवादकापर्यंत प्रत्येकाचं होतं. ज्या धुनांवर हा सगळा डोलारा उभा होता त्यांच्याविषयी तीन शब्द होते: नॉर्वेतील लोकधुनांवर आधारित. मैफल सुंदर झाली. पण ती पत्रिका मी अजून जपून ठेवली आहे, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचा तो कागदी पुरावा आहे.

लोकधुनेला कर्ता नसतो, ती सगळ्यांची असते, मग नाव कुणाचं छापायचं, असं यावर सहज म्हटलं जातं. ऐकायला हे उदार वाटतं. पण ज्या परंपरेतून या धुना आल्या ती परंपरा स्वतः असं मानत नाही.

नॉर्वेच्या पश्चिम आणि मध्य भागातल्या दऱ्याखोऱ्यांत जे फिडल वाजतं ते हार्डांगर फिडल. दिसायला व्हायोलिनच, पण अंगावर काळ्या शाईची नक्षी, शिंपल्याचं आणि हाडाचं जडावकाम, टोकाला बहुधा कोरलेलं सिंहाचं डोकं. वाजवायच्या चार तारांच्या खाली आणखी चार किंवा पाच तारा असतात, त्यांना गज लागत नाही, त्या आपोआप झंकारतात. सारंगीच्या तरफा ऐकलेल्या माणसाला हा आवाज लगेच ओळखीचा वाटेल. या वाद्याच्या तारा जुळवण्याच्या वीसहून अधिक पद्धती आहेत आणि त्यातल्या काहींना सैतानाशी, पाताळातल्या ट्रोल नावाच्या राक्षसांशी जोडणाऱ्या कहाण्या आहेत. या वाद्यावर वाजणाऱ्या नाचाच्या धुनेला ‘स्लॉट’ म्हणतात. आणि वादक स्लॉट वाजवण्याआधी सांगतो: हा अमक्याकडून. तो अमका त्याचा गुरू असेल, गुरूचा गुरू असेल, शेजारच्या दरीतला, शंभर वर्षांपूर्वी वारलेला कुणी असेल. धुनेचं नावच पुष्कळदा माणसाचं असतं: मिल्लारगुतेनचा गांगार, क्नूत लुरोसेनचा हालिंग (गांगार आणि हालिंग हे नाचाचे प्रकार), गीबोएनचं लग्नाचं कूच. आपल्याकडे ख्यालगायक कानाच्या पाळीला हात लावून ‘ही चीज बुवांकडून मिळाली’ म्हणतो, तेव्हा तो चीज बुवांनीच बांधली असा दावा करत नसतो. कुणाकडून आली तेवढं सांगतो. नॉर्वेतल्या तेलेमार्क प्रांतातल्या फिडलवादकाचं सांगणंही नेमकं याच जातीचं आहे.

म्हणजे लोकांमध्ये असताना धुनेला नाव होतं. सभागृहात आल्यावर ती ‘लोक’धून झाली आणि नाव गळून पडलं.

हे गळणं एका दिवसात झालं नाही. मिल्लारगुतेन म्हणजे गिरणीवाल्याचा पोर. खरं नाव तोरगेइर आउगुनसॉन, जन्म १८०१च्या सुमाराचा, तेलेमार्कमधला. त्याला ही विद्या फॉसेग्रिमने दिली असं लोक म्हणत. बर्गनचा ओले बुल त्या काळी युरोप-अमेरिकेत गाजलेला व्हायोलिनवादक. त्याने मिल्लारगुतेनच्या धुना ऐकल्या, उतरवून घेतल्या आणि १८४९च्या जानेवारीत त्याला क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, भर मैफलीत लोकांसमोर उभं केलं. खेड्यातला वादक आपल्या नावानिशी, आपल्या फिडलसकट, राजधानीच्या मंचावर आला. त्यानंतर काय घडलं पाहा. १८५३पासून लुडविग मातियास लिंडेमान या ऑर्गनवादकाने डोंगराळ भागातल्या धुनांचे संग्रह पियानोच्या साथीसह छापायला सुरुवात केली. फार मोठं काम, त्याच्यावाचून कितीतरी धुना हरवल्या असत्या. १८७६-७७ मध्ये योहान स्वेनसेन या संगीतकाराने वाद्यवृंदासाठी चार ‘नॉर्वेजियन रॅप्सडी’ लिहिल्या. १८८१ मध्ये ग्रीगने लिंडेमानच्या संग्रहातून धुना उचलून माझ्या त्या मैफलीतले नृत्य रचले. मंचावरचा वादक तीस-पस्तीस वर्षांत पुस्तकातली स्वरलिपी झाला आणि स्वरलिपी पुढे ओपस क्रमांक झाली.

याचं कारण मला कुणा एकाच्या लबाडीत दिसत नाही. कारण राजकीय आहे. नॉर्वे सुमारे चारशे वर्षं डेन्मार्कच्या छत्राखाली होता, १८१४ नंतर स्वीडनच्या राजाखाली गेला, आणि पूर्ण स्वतंत्र झाला तो १९०५ साली. छापील भाषा डॅनिश, दरबार परका. अशा देशाला ‘आम्ही वेगळे आहोत’ हे सिद्ध करायला आपलं काहीतरी हवं होतं, आणि ते दऱ्याखोऱ्यांत सापडलं. पेतर क्रिस्तेन आस्ब्यॉर्नसेन आणि यॉर्गेन मू यांनी १८४१पासून लोककथा छापल्या, त्यातून ट्रोल, हुल्द्रा नावाच्या रानपऱ्या, डोंगराच्या पोटातले राजवाडे घराघरांत पोचले. या कथा राष्ट्राच्या व्हायच्या तर त्या कुण्या एका शिकाऱ्याच्या किंवा दाईच्या असून चालणार नव्हतं. ‘लोक’ नावाचा एक मोठा, निनावी, भाबडा पूर्वज हवा होता. व्यक्तीचं नाव त्या पूर्वजाच्या आड येत होतं, म्हणून ते मागे पडलं. त्या काळाची निकड मी समजू शकतो. पण राष्ट्र उभं राहून आता एकशेवीस वर्षं झाली. निकड संपली, सवय तेवढी राहिली.

पेअर ग्युंटचंच घ्या. जगातल्या कुठल्याही शाळेच्या वाद्यवृंदाला ‘डोंगराच्या राजाच्या महालात’ वाजवता येतं. ग्रीगचं हे संगीत नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘पेअर ग्युंट’ या १८६७ सालच्या नाट्यकाव्यासाठी लिहिलं गेलं, प्रयोग १८७६च्या फेब्रुवारीत क्रिस्तियानियाला झाला. इब्सेनने पेअर ग्युंट ही व्यक्तिरेखा आणि आडवा येणारा, आकार नसलेला बॉयग आस्ब्यॉर्नसेनच्या कथांतून घेतला. आस्ब्यॉर्नसेनने त्या रोंदाने पर्वतातल्या रेनडिअरच्या शिकारीच्या वर्णनात गुंफल्या आहेत, आणि तिथे या गोष्टी सांगणारा एक शिकारी आहे: पेर फुग्लेश्येले. आस्ब्यॉर्नसेनने त्याचं नाव दिलं. इब्सेनच्या नाटकात ते उरलं नाही, आणि ग्रीगच्या संगीतापर्यंत पोचण्याचा तर प्रश्नच नव्हता.

इथे मला माझ्याच बाजूची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. डोंगराच्या राजाची ती चढत जाणारी धून ग्रीगची स्वतःची आहे. कुण्या फिडलवादकाकडून उचललेली नाही. ती ग्रीगला आवडतही नव्हती. तिला शेणाचा आणि अतिनॉर्वेजियनपणाचा दर्प येतो, मला ती ऐकवत नाही, अशा अर्थाचं त्याने १८७४ साली आपल्या मित्राला, फ्रांत्स बेयरला लिहिलं होतं. जगभर फ्योर्डवरचा, म्हणजे नॉर्वेच्या डोंगरांत शिरलेल्या खाडीवरचा, सूर्योदय म्हणून वाजणारी ‘सकाळ’ तर नाटकात मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उगवते. अशा ठिकाणी देणं फार तर कथेचं असेल, वातावरणाचं असेल, आणि त्याचा हिशोब मागणं मलाही योग्य वाटत नाही. कलावंताने आपल्या भूमीचा वारा घेतला म्हणून त्याच्याकडून वाऱ्याचे पैसे घेऊ नयेत. माझा आग्रह आहे तो जिथे अख्खी धून घेतली गेली, आणि ती कुणाकडून घेतली हे माहीत होतं, त्या ठिकाणाबद्दल.

असं सर्वांत स्वच्छ दिसणारं उदाहरण १९०१ सालचं आहे, आणि ते थोडं सविस्तर सांगायलाच हवं.

क्नूत डाले हा तेलेमार्कमधल्या तिन्न भागातला फिडलवादक. जन्म १८३४. त्याने विद्या घेतली ती साक्षात मिल्लारगुतेनकडून आणि होवार गीबोएनकडून. १८८८ साली, ग्रीगची पेअर ग्युंटवरची पहिली स्वरमालिका छापून जगाच्या वाटेला लागली त्याच वर्षी, डालेने ग्रीगला पत्र लिहिलं: माझ्याकडे जुन्या धुना आहेत, त्या माझ्याबरोबर जाऊ नयेत. त्या पत्रातून तेव्हा काही निष्पन्न झालं नाही. तेरा वर्षं गेली. १९०१ मध्ये सदुसष्ट वर्षांच्या डालेने पुन्हा लिहिलं. या वेळी ग्रीग हलला. हार्डांगर फिडलच्या धुना उतरवणं व्हायोलिनवादकाचंच काम, हे ओळखून त्याने योहान हाल्वोरसेनला गळ घातली. हाल्वोरसेन क्रिस्तियानियाच्या राष्ट्रीय रंगभूमीच्या वाद्यवृंदाचा संचालक होता. नोव्हेंबरात डाले राजधानीत आला, वाजवत राहिला, हाल्वोरसेन लिहीत राहिला. सतरा धुना कागदावर आल्या. ग्रीगने त्या पियानोसाठी बांधल्या आणि १९०३ साली लाइपझिगच्या पीटर्स प्रकाशनाने त्या ‘स्लॉट्टर’, ओपस ७२ म्हणून छापल्या.

ग्रीगने एक मोठं काम केलं, ते आधी सांगतो. हाल्वोरसेनने उतरवलेली फिडलची मूळ स्वरलिपीही आपल्या पियानोच्या रूपाबरोबरच छापली गेली पाहिजे, असा त्याने हट्ट धरला. कुणालाही दोन्ही समोर ठेवून ताडून पाहता यावं, आपण काय घेतलं आणि काय घातलं हे दिसावं. हा प्रामाणिकपणा आजही फार थोडे दाखवतात. धुनांच्या शीर्षकांत माणसांची नावं ठेवली, सोबत त्यांच्या कहाण्याही दिल्या. किवलेदालच्या तीन मुली बोकडाच्या शिंगाचं वाद्य अशा वाजवत की चर्चमधले लोक प्रार्थना सोडून बाहेर येऊन ऐकत बसले, आणि पाद्र्याच्या शापाने त्या तिघी दगड झाल्या, ही त्यातलीच एक. मिल्लारगुतेनचं लग्नाचं कूच आहे. त्याची कारी त्याला सोडून दुसऱ्याशी लग्नाला उभी राहिली तेव्हा त्याने ते बांधलं, अशी त्याची कथा. ऑटरहोल्टच्या पुलाजवळ होवार गीबोएनला पडलेलं स्वप्न आहे. एखाद्याच्या फसलेल्या प्रेमाला आणि दुसऱ्याच्या झोपेतल्या स्वप्नाला ‘निनावी’ कसं म्हणायचं?

आणि तरीही याच पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात ग्रीग लिहितो की या धुना तेलेमार्कमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून उतरवल्या. त्या वाक्यात क्नूत डाले हे नाव नाही. पुढे तो आपला हेतू सांगतो: लोकांच्या या रचनांना स्वरसंवादाची चौकट देऊन कलेच्या पातळीवर आणणं. हे वाक्य मला दर वेळी टोचतं. ग्रीगच्या मनात तुच्छता नव्हती, हे त्याच्या पत्रांवरून दिसतं. पण मिल्लारगुतेनकडून डालेकडे आलेली ती गुंतागुंतीची लय, दोन तारांवर एकाच वेळी चालणारे सूर, खालच्या तरफांचा झंकार, हे सगळं अजून कलेच्या पातळीखाली आहे असं त्या वाक्यात गृहीत धरलेलं आहे. एकदा हे गृहीत धरलं की देणाऱ्याचं नाव सांगण्याची गरज उरत नाही. नदीला कुणी नाव विचारून पाणी पीत नाही.

गीबोएनच्या कूचात डी मेजरमध्ये जी शार्प येतो. आपल्या हिशोबाने डी हा सा धरला तर तो तीव्र मध्यम. हाल्वोरसेनने तो जसाच्या तसा उतरवला तेव्हा ग्रीगला कोण आनंद झाला! त्याने उत्तरात लिहिलं की याच स्वराने १८७१ साली मला वेड लावलं होतं आणि तो मी तेव्हाच आपल्या रचनेत चोरला. चोरला हा शब्द त्याचा आहे. ग्रीगबद्दल माझा आदर या वाक्याने वाढतो. ज्याला घेतल्याची जाणीव आहे त्याच्याशी हिशोबाचं बोलता येतं.

या धुना तोवर कुणी, कशाच्या मोबदल्यात सांभाळल्या हेही लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या खेड्यांत धर्मजागृतीची लाट आली. तिने हार्डांगर फिडलला सैतानाचं वाद्य ठरवलं. फिडलं चर्चबाहेर राहिली, कित्येक फोडली गेली, जाळली गेली. हालिंगदालच्या एका लग्नात दोघे भांडत असताना तळघरात बिअरच्या पिंपावर बसून सैतानाने ‘फानितुल’ ही धून वाजवली, अशी कथा आहे. ती वाजवणारा वादक गावाच्या नजरेत कुठे उभा राहत असेल याची कल्पना करावी. पुढे तेच सैतानपण शहरातल्या रंगमंचावर रम्य झालं. १९०५ साली हाल्वोरसेनने मिल्लारगुतेनच्या आख्यायिकेवरच्या ‘फॉसेग्रिमेन’ या नाटकाला संगीत दिलं, त्यात फानितुल आहे. लोक टाळ्या वाजवत होते. गावात बदनामी ज्यांनी सोसली, ते त्या टाळ्यांपासून कितीतरी कोस दूर होते.

पण त्याच ‘फॉसेग्रिमेन’ने या प्रश्नाचं उत्तरही दाखवलं आहे. क्नूत डालेला ऐकल्यानंतर हाल्वोरसेनने स्वतः हार्डांगर फिडल हातात घेतलं, शिकून घेतलं, आणि या संगीतात ते वाद्य सिम्फनी वाद्यवृंदाच्या मधोमध आणून बसवलं. त्याआधी ते तिथे कधीच नव्हतं. व्हायोलिनने फिडलची नक्कल करण्यावर त्याने भागवलं नाही. धून ज्या लाकडातून आली त्या लाकडालाच त्याने जागा दिली. पुढे हार्डांगरच्याच मातीतला गाइर त्वेइत याने १९५५ आणि १९६५ साली या फिडलसाठी वाद्यवृंदासह दोन कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य पुढे ठेवणाऱ्या रचना, लिहिले. त्या रचना वाजवायच्या तर त्या परंपरेत वाढलेला वादक बोलवावाच लागतो, त्याला मानधन द्यावं लागतं, पत्रिकेवर त्याचं नाव येतं. हिशोब फेडण्याचा याहून सुंदर मार्ग मला माहीत नाही.

नाव ठेवल्याने काय होतं आणि काढल्याने काय होतं, हे ग्रीगच्याच ओपस ६६ मधल्या दोन गाण्यांवरून दिसेल. १८९१ साली योतुनहाइमेन पर्वतात भटकताना त्याला गुरांच्या उन्हाळी तळावर एक तरुण मुलगी अंगाई म्हणताना भेटली. ग्येंदिने स्लोलिएन तिचं नाव. ग्रीगने धून घेतली आणि शीर्षकच ठेवलं ‘ग्येंदिनेची अंगाई’. एवढ्या एका शब्दाने ती नॉर्वेत कायमची ओळखली गेली. शंभर वर्षांची होऊन ती १९७२ साली वारली तेव्हा ती कुणी निनावी गवळण नव्हती. त्याच संग्रहातलं चौदावं गाणं ‘ओलाच्या दरीत, ओलाच्या तळ्यात’. मुलगा हरवलेल्या आईचं ते गाणं. १९१२ साली फ्रेडरिक डिलियस या इंग्रज संगीतकाराने ती धून लहान वाद्यवृंदासाठीच्या एका रचनेत वापरली: ‘वसंतातली पहिली कोकिळा ऐकताना’. नॉर्वेजियन लोकगीत यात आहे, एवढं त्याने नमूद केलं. रचना अप्रतिम आहे, मी ती शंभरदा ऐकली असेल. पण आज जगभरच्या श्रोत्यांना तिच्यात इंग्लंडचं हिरवं माळरान दिसतं. आईचं दुःख त्या कोकिळेखाली पुरलं गेलं.

कायद्याकडून काही मदत होईल का? फारशी नाही. कॉपीराइटविषयीच्या १८८६च्या बर्न कराराची मांडणीच मुळी ओळखीचा कर्ता आणि ठरावीक मुदत या दोन खांबांवर आहे. कर्ता ठाऊक नसलेल्या अप्रकाशित कृतींसाठी १९६७ साली त्यात एक उपकलम घातलं गेलं, लोककला डोळ्यांपुढे ठेवूनच. १९८२ मध्ये युनेस्को आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने लोककलांसाठी आदर्श तरतुदी तयार केल्या. त्यात मूळ समाजाचा किंवा प्रदेशाचा उल्लेख करावा असं स्पष्ट म्हटलं. पण त्या केवळ नमुन्यादाखल होत्या, बंधनकारक नव्हत्या. दुसरीकडे, मुक्त धुनेवर कुणी नवी मांडणी केली की तिच्यावर मांडणी करणाऱ्याचा पूर्ण हक्क उभा राहतो. म्हणजे देणारा ‘सर्वांचा’ आणि घेणारा मालक. ज्या व्यवस्थेत हान्स सिटला जागा आहे आणि क्नूत डालेला नाही, ती व्यवस्था न्याय्य आहे असं मला कुणी पटवून द्यावं.

धुनांना कुलूप लागावं असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. परवानगीची कार्यालयं उघडली, दर धुनेमागे अर्ज मागवले, तर तरुण संगीतकार या वाटेला फिरकणारच नाहीत, आणि स्लॉट जिवंत राहतो तोच मुळी हातोहात बदलत गेल्यामुळे. डालेने वाजवलेली धून मिल्लारगुतेनच्या धुनेची हुबेहूब प्रत नसणारच. तरीही ‘कडून’ म्हणण्याने या प्रवाहाला कुठेच अडथळा येत नाही, उलट प्रवाह दिसू लागतो.

ग्रीगने हात लावला नसता तर या धुना मेल्याच असत्या, असंही म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. डालेने पत्र लिहिलं ते याच भीतीने, आणि ग्रीग-हाल्वोरसेनच्या कामाचं मोल कमी करण्याची माझी इच्छा नाही. पण या धुना घरातही चालू राहिल्या. डालेचा नातू योहानेस आजोबांच्या धुना १९८० साली मरेपर्यंत वाजवत राहिला, आणि त्याच्या वादनाची ध्वनिमुद्रणं आहेत. वादकांच्या स्पर्धा, ज्यांना तिकडे ‘काप्पलाइक’ म्हणतात, तेलेमार्कच्या बो गावात १८८८ साली सुरू झाल्या त्या आजही भरतात. वोसमध्ये १९७७पासून ओले बुल अकादमीत ही विद्या शिकवली जाते. म्हणजे देणाऱ्यांचा वंश संपलेला नाही. देणं फेडायचं तर पत्ता उपलब्ध आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी, उद्यापासून अमलात आणण्याजोगी आहे. जिथे धुनेचा माग लागतो तिथे पत्रिकेवर, ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर, मोबाइलवर गाणं वाजताना दिसणाऱ्या तपशिलात वादकाचं नाव आलं पाहिजे. ‘पारंपरिक’ हा शब्द माग खरोखरच हरवला असेल तेव्हाच वापरावा, आणि तेव्हाही दरीचं, गावाचं नाव द्यावं. पारंपरिक धुनेवर मांडणी करून जो आज रॉयल्टी घेतो त्याने तिचा एक वाटा ती परंपरा शिकवणाऱ्या शाळांना द्यावा. ग्रीगने स्वतः मृत्युपत्राने आपल्या उत्पन्नातून बर्गनच्या वाद्यवृंदासाठी निधी ठेवला होता. १७६५ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेला त्याचा आधार मिळाला. तसाच एक निधी तिन्नच्या, रौलानच्या फिडलवादकांसाठी असायला काय हरकत होती? उशीर झाला आहे, पण एवढाही नाही.

आणि जमेल तिथे वाद्यवृंदाआधी मूळ धून फिडलवर वाजू द्यावी. फिडलवादक क्नूत बुएन आणि पियानोवादक आइनार स्टेन-न्योक्लेबर्ग यांनी ‘स्लॉट्टर’ असंच मुद्रित केलं आहे: आधी फिडल, मग ग्रीगचा पियानो. ते ऐकताना ग्रीग लहान होत नाही. उलट त्याने त्या तीव्र मध्यमाभोवती किती विलक्षण स्वरसंवाद बांधला हे पहिल्यांदाच नीट कळतं, कारण त्याच्यापुढे काय होतं ते आता कानांत असतं.

त्या मैफलीची पत्रिका परवा पुन्हा काढून पाहिली. पुढच्या वेळी कुणी ओपस ७२ मधलं ते कूच वाजवलं, पियानोवर किंवा वाद्यवृंदासाठी बसवून, तर शीर्षकाखाली एकच ओळ वाढवायची आहे. छपाईचा खर्चही वाढणार नाही. ती ओळ मी पेन्सिलीने त्या जुन्या पत्रिकेच्या समासात लिहून ठेवली आहे: गीबोएनचं लग्नाचं कूच. होवार गीबोएनकडून क्नूत डालेकडे, तिन्न, तेलेमार्क. डालेकडून योहान हाल्वोरसेनने उतरवून घेतलं, १९०१. हाल्वोरसेनकडून एडवर्ड ग्रीगकडे.